कॅनिस्टर व्हॅक्यूमचा मोटरवाला कार्पेट ब्रश किती टिकतो? बिछायत, लॉन, रिसॉर्टवाल्यांनी अनुभव लिहा

बिछायत_आर्णी

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यात आमचं बिछायत केंद्र आहे आणि जोडीला एक मंगल कार्यालय चालवतो. मांडवात नेहमीचं हिरवं-लाल नीडल पंच मॅट असतं. पण कार्यालयाच्या स्टेजवर आणि नवरदेव-नवरीच्या खोल्यांत केसाळ गालिचे आहेत, आणि ते साफ करणं हे वेगळंच काम आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीचा भुरका एकदा गालिच्याच्या मुळाशी बसला की वरून सगळं स्वच्छ दिसतं, पण उलटा करून आपटला की खाली मातीचा थर पडतो. ही माती पायाखाली धाग्याच्या मुळावर कानशीसारखी चालते. गालिचा टक्कल पडून वाया जातो तो यामुळेच.

नुसतं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने हा भुरका निघत नाही. म्हणून कॅनिस्टर मशीन घेतलं, ज्याच्या तोंडात वेगळी मोटर आहे. म्हणजे हवा ओढणारी मोठी मोटर डब्यात, आणि ब्रशचा रोलर फिरवणारी छोटी मोटर खालच्या हेडमध्ये. काम उत्तम करतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण डबा ठणठणीत राहतो आणि हेड बसतं. गेल्या लग्नसराईत, तिथी दाट असताना, रोलर फिरायचा थांबला. जिथून घेतलं त्यांनी हेड न उघडताच सांगितलं, पूर्ण हेड बदला. किंमत ऐकून मी ते घरी आणलं आणि स्वतः उघडलं.

आत काय दिसलं ते लिहितो. रोलरच्या दोन्ही टोकांना झेंडूच्या हाराचा दोरा, लांब केस, साडीच्या फॉलचा धागा आणि जरी, असं सगळं पिळून घट्ट बसलेलं. सुरी घालावी लागली. त्याच्या खाली बेअरिंगभोवतीचं प्लास्टिक वितळून चकचकीत कडं तयार झालं होतं. पट्टा तुटलेला, आणि हेडभर काळी रबराची भुकटी. मोटरला मात्र थेट करंट दिला तर ती फिरली.

माझं मत असं झालं आहे की हे हेड मोटरमुळे कमी आणि तिच्या आजूबाजूच्या बारक्या गोष्टींमुळे जास्त मरतं. तुमचे अनुभव हवेत: आधी काय जातं, इथे गावात काय दुरुस्त होतं, आणि नवीन घेताना काय बघायचं.

वाइंडिंग_दर्यापूर

भाऊ, मोटर फिरते म्हणता तं मंग हेड मेलं कुठं? पूर्ण बदला म्हणणं सांगणाऱ्याले सोपं हाय, पैसा तुमचा जाते.

आमचं दुकान शेतीपंपाच्या मोटरा भरायचं. पण आता दर्यापूर-अंजनगावकडचे कार्यालयवाले हे ब्रशबी आणून देतेत, त्याच्यातून समजत गेलं. या हेडात बहुतेक वेळा चुंबकवाली डीसी मोटर असते. पाइपातून २३० व्होल्ट एसी येते, हेडात चार डायोडचा ब्रिज असते, तो त्याचं डीसी करते. मोटर बंद पडली तं पयले ब्रिज तपासा, लय स्वस्त वस्तू हाय. मंग कार्बन पाहा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाले घासून करंट देणारे तुकडे. कार्बन घासून आखूड झाला की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, मोटर धक्के खात चालते अन् ठिणग्या मारते. त्याच मापाचा कार्बन नाही भेटला तं ग्राइंडरचा घेऊन घासून बसवता येते, फक्त चारी बाजूनं सरकला पाह्यजे, अडकला नाही पाह्यजे.

आता तुमचं बेअरिंग. त्याच्या कडेवर नंबर कोरला असते, तो वाचा. ६०८ असन तं आतलं भोक ८ मिमी, बाहेरून २२ मिमी, जाडी ७ मिमी. कुठल्याबी बेअरिंगच्या दुकानात भेटते. पण नुसतं ६०८ मागू नका. ज्याच्या मागं झेडझेड लिहिलं असते त्याले पत्र्याचं झाकण असते, टूआरएसले रबराचं सील असते. मातीच्या कामाले टूआरएसच घ्या. आपला भुरका पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून आत जाते अन् ग्रीसचा गारा करते.

वितळलेलं कडं मात्र तपासून घ्या. भोक अंडाकृती झालं असन तं नवीन बेअरिंग तिथं नाचन अन् पट्टा पुन्हा तुटन.

मोहर्लीची_ताई

दादा, मी ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंग बघते. खोल्यांत गालिचे आहेत आणि पाहुणे सफारीवरून थेट जिप्सीची धूळ घेऊन येतात. आमच्याकडे मोटरवाली हेड वर्षानुवर्षं चालतात, आणि त्याचं कारण मशीन नाही, शिस्त आहे.

काम संपलं की मुलगी प्लग काढते, हेड उलटं करते आणि रोलरवरचे केस कात्रीने कापते. बऱ्याच रोलरला लांबीच्या दिशेने एक खाच दिलेली असते, ती कात्री घालण्यासाठीच. ती बहुतेकांना माहीतच नसते, लोक ब्लेडने ब्रशचे केस कापून बसतात. आठवड्यातून एकदा टोकाची टोपी काढून बेअरिंगजवळचे धागे चिमट्याने काढायचे. रोलर बोटाने फिरवला तर मोकळा फिरला पाहिजे. अडकत असेल तर त्या दिवशी ते हेड वापरायचं नाही.

दुसरी गोष्ट, हेड दाबायचं नाही. नवीन मुली डाग दिसला की हँडलवर जोर देतात, एकीने तर हेडवर पाय ठेवला होता. दाबलं की रोलर गालिच्यात रुततो, मोटर ओझ्याखाली येते, पट्टा घसरून तापतो आणि जळका वास येतो. उंची बदलायची कळ असेल तर अशी लावायची की ब्रशच्या केसांची टोकं गालिच्याला नुसती लागतील. गालिचा हेडला चिकटत असेल तर हँडलवरची हवेची खिडकी थोडी उघडायची.

आणि डबा पाइपला धरून ओढायचा नाही. आमचे पाइप त्यानेच गेलेत, हेड नाही.

ताडोब्याचं कोअर, म्हणजे आतलं जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, तेव्हा आमच्याकडे गर्दी कमी. त्या काळात सगळी हेड साफ करून रोलर काढून ठेवते आणि पाइप लोखंडी कपाटात बंद करते, कारण पावसाळ्यात उंदीर पाइपच कुरतडतात.

पुसदकर

चांगला धागा. मी मेकॅनिकल इंजिनिअर, आता नोकरीसाठी बाहेर, पण घर पुसदलाच. टिकाऊपणाबद्दल दोन आकडे देतो.

युरोपियन युनियनच्या व्हॅक्यूमसाठीच्या ६६६/२०१३ या नियमात १ सप्टेंबर २०१७ पासून टिकाऊपणाची अट आहे: मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि पाइप ४०,००० वेळा वाकवल्यावरही वापरण्याजोगा राहिला पाहिजे. ५०० तास ऐकायला कमी वाटतात, पण घरात आठवड्याला अर्धा तास धरला तर वर्षाचे २६ तास, म्हणजे १९ वर्षं. तेच कार्यालयात रोज ४ तास चालवलं तर १२५ दिवसांत संपले. म्हणजे घरगुती मशीन तुमच्याकडे दोन लग्नसराईत आपलं आयुष्य जगून घेतं. यात खोटं कोणी बोललेलं नाही, वापराचा वर्ग वेगळा आहे. म्हणून घेताना 'वॉरंटी किती' यापेक्षा 'व्यावसायिक वापराला वॉरंटी लागू आहे का' हे विचारा. बहुतेक घरगुती मशीनच्या कागदावर ती नसते.

दुसरं, पट्टा. सपाट रबरी पट्टा आणि दातेरी पट्टा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सपाट पट्टा ताणावर चालतो, हळूहळू सैल होतो, मग रोलर मंद होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गालिचा साफ होत नाही म्हणून लोक तेच तेच पुन्हा फिरवतात. रोज वापर असेल तर सपाट पट्टा हा वर्षातून बदलायचाच भाग समजा. दातेरी पट्टा घसरत नाही, खूप जास्त चालतो, पण त्याच्यासोबत ओव्हरलोड कटआउट, म्हणजे ओझं वाढलं की मोटर आपोआप बंद करणारी सोय, हवाच. रोलर अडकला आणि कटआउट नसेल तर दात तरी जातात नाही तर मोटर जळते.

कंपनीचा पट्टा मिळाला नाही तर असं करा. जुन्या पट्ट्याच्या १० दातांचं अंतर मोजून १० ने भागा, म्हणजे पिच (दोन दातांमधलं अंतर) निघेल. बऱ्याचदा ३ मिमी असते. एकूण दात गुणिले पिच म्हणजे लांबी. मग रुंदी. हे तीन आकडे आणि दातांचा आकार गोल की चौकोनी, एवढं घेऊन नागपूरला बेल्टच्या दुकानात गेलात तर मशीनचं नावसुद्धा सांगावं लागत नाही.

हिंगणघाट_जिनिंग

जिनिंगच्या ऑफिसात आणि गेस्ट हाउसमध्ये गालिचा आहे. आमचा शत्रू रुईचा तंतू. केसांपेक्षा वाईट, कारण तो बारीक असतो आणि सीलच्या आतही शिरतो. सीझनमध्ये रोज टोपी उघडून साफ करतो. बाकी ताईंनी सांगितलं तेच.

सून_वणीची

माझा दीर अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडची मोटरवाल्या हेडची कॅनिस्टर मशीन मजबूत असतात, येताना आणू का? आमचाही लॉन आहे वणीजवळ. आणावं का?

पुसदकर

वहिनी, नको. तिकडे १२० व्होल्ट आहे, आपल्याकडे २३०. डब्यातली मोटर आणि हेडमधली मोटर दोन्ही १२० वर चालणाऱ्या असतात, आपल्या बोर्डात लावलं की दोन्ही जातील. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालेल, ५० हर्ट्झचा अशा मोटरांना त्रास नाही. पण तिकडची मशीन १२ अँपिअरपर्यंत घेतात, म्हणजे १,४४० वॉट. सुरू होतानाचा झटका धरून ट्रान्सफॉर्मर किमान २,००० व्हीएचा लागेल. ते जड धूड खोलीखोलीतून कोण फिरवणार? आणि सुटे भाग पुन्हा समुद्रापलीकडून.

वडसा_रंगमंच

मी झाडीपट्टीच्या नाटकांना स्टेज आणि पडदे पुरवतो. दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो, आज या गावात तर उद्या त्या गावात, आणि स्टेजवरचा गालिचा रोज मोकळ्या मैदानात अंथरला जातो. मी मोटरवाल्या हेडच्या विरोधात आहे, कारण सांगतो.

या हेडला करंट पाइपमधून जातो. आमचं वायरिंग तात्पुरतं, जनरेटरवर, जमीन दवाने ओली, मुलं अनवाणी. पाइप कुठे चिरला तर हातात २३० व्होल्ट. म्हणून मी टर्बो ब्रश वापरतो. त्यात मोटरच नाही, ओढलेल्या हवेने आतलं पातं फिरतं आणि ते रोलर फिरवतं. वायर नाही, कार्बन नाही, ब्रिज नाही.

बिछायत_आर्णी

वडसाचे दादा, सुरक्षेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण टर्बो ब्रश मी वापरून पाहिला आहे. केसाळ गालिच्यावर ठेवला की पातं मंदावतं, आणि डब्यातली पिशवी अर्धी भरली की आणखी मंद. भुरका मुळातच राहतो. शिवाय सगळी मातीची हवा त्या पात्यातूनच जाते, त्यामुळे त्याचं बेअरिंग किंचाळायला लागतं. तुमच्या स्टेजचा गालिचा कसा आहे, केसाळ की मॅट?

वडसा_रंगमंच

मॅटच. आणि पातं किंचाळतं हे खरं आहे.

मोहर्लीची_ताई

मॅट असेल तर मोटरवालं हेड लागतच नाही, दादा. नीडल पंचला केसच नसतात. रोलर त्यावर फिरवला की उलट त्याचे तंतू उपसले जातात आणि तेच रोलरला गुंडाळले जातात. मॅटला साधा ब्रश बंद रोलरने पुरतो. सतरंजीलाही तेच, आणि सतरंजीच्या दशांवर तर फिरता रोलर कधीच नेऊ नका. एक गोंडा आत गेला की सगळी सतरंजी खेचली जाते आणि पट्टा तुटतो. गालिच्याला झालर असेल तर मधून बाहेरच्या दिशेने चालवायचं आणि काठ आला की रोलर बंद.

बिछायत_आर्णी

ताई, हे फार कामाचं सांगितलं. आमची मुलं स्टेज झाला की त्याच हेडने मांडवातलं मॅटही करतात. रोलरवर जे हिरवे तंतू होते ते कुठून आले हे आता समजलं. हे उद्यापासून बंद.

बेअरिंग टूआरएस बसवलं, पट्टा नागपूरहून मोजमापाने आणला, हेड सुरू झालं. पण आता नवीन दुखणं. हँडल उजवीकडे वळवलं की रोलर बंद, सरळ केलं की चालू. डबा मात्र ओढत राहतो.

वाइंडिंग_दर्यापूर

पाइप गेला भाऊ. हँडलजवळ जिथं पाइप रोज पिळते तिथं आतली तार तुटली. लय पाइपांत स्प्रिंगचीच तार करंट नेते, वेगळी वायर नसते. मशीनचा प्लग काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा, एक टोक डब्याकडच्या पिनेले, एक हँडलकडच्या पिनेले, अन् पाइप वाकवून पाहा. आवाज तुटला तिथं तार तुटली.

अन् आयका, चिकटपट्टी मारून चालवू नका. वडसाच्या भाऊनं म्हटलं ते बराबर हाय. तार आतून उघडी असते, पाइपाले बारीक चीर पडली की ओल्या हाताले झटका. तुटलेला भाग हँडलच्या जवळ असन तं तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा हँडलात बसवता येते, पाइप वीतभर आखूड होते. पण हे काम जाणत्याच्या हातूनच करून घ्या. मधात कुठं तुटला असन तं नवीन पाइप.

कार्यालयाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं स्विच) हाय का? नसन तं पयले ते बसवा, ब्रशचं मंग पाहू.

पुसदकर

आरसीसीबीला १०० वेळा हो. आणि अर्थिंग पण तपासून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला कोणी जात नाही. आरसीसीबी अर्थिंगशिवायही चालतो, पण दोन्ही हवेत.

सून_वणीची

मग नवीन घ्यायचं असेल तर नेमकं काय बघू? दुकानदार फक्त वॉट सांगतो.

पुसदकर

वॉट हा डब्याच्या मोटरचा आकडा. तो हेडबद्दल काहीच सांगत नाही. दुकानात हेड हातात घ्या, उलटं करा आणि विचारा की रोलर काढून दाखवा. स्क्रूड्रायव्हरशिवाय किंवा एक-दोन स्क्रूने निघाला तर उत्तम. जर्मन सेबोच्या ईटी-१ हेडमध्ये ही गोष्ट चांगली जमवली आहे: रोलर सुटा निघतो, पट्टा दातेरी आहे, अडकलं तर इलेक्ट्रॉनिक कटआउट आणि ब्रशचे केस झिजले की दिवा लागतो. मीलेच्या एसईबी २२८ला उंचीच्या ५ पायऱ्या आहेत. तेच घ्या असं म्हणत नाही, पण चांगलं हेड म्हणजे काय याचं माप म्हणून लक्षात ठेवा.

रोलर, पट्टा, पाइप हे तीन सुटे मिळतील का आणि किती दिवसांत, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान.

हिंगणघाट_जिनिंग

ब्रशचे केस झिजल्याचं कोणी बोललंच नाही. रोलर फिरतो, मोटर चालते, पण केस आखूड झाल्याने गालिच्याला लागतच नाही. हेड उलटं करून तळाच्या पत्र्याला पट्टी टेकवा. केस पट्टीच्या बाहेर दिसले पाहिजेत. आत गेले असतील तर रोलर बदला, नाही तर हेड नुसतं फिरवत राहाल.

मोहर्लीची_ताई

हो, हे दर पावसाळ्यात तपासायचं. आणि थर्मल कटआउट पडला तर लगेच बटण दाबून पुन्हा सुरू करू नका, अर्धा तास थंड होऊ द्या आणि आधी रोलर बघा. तो विनाकारण पडत नाही.

बिछायत_आर्णी

पाइप तपासला. हँडलपासून चार बोटांवर तार तुटली आहे, बाकी पाइप ठीक. आरसीसीबी मुख्य बोर्डावर होता, स्टेजच्या लाइनला नव्हता, तो बसवायला सांगितलं.

एक ठरवलं आहे. हेड उघडलं तेव्हाचे आकडे, म्हणजे पट्ट्याचे दात, पिच, रुंदी आणि बेअरिंगचा नंबर, मार्करने हेडच्या झाकणाच्या आतच लिहून ठेवले. पुढच्या वेळी उघडणारा मी नसेन, आमचा पोरगा असेल. स्टेजसाठी मोटरवालं हेड, मांडवासाठी साधा ब्रश, आणि दोन्ही वेगळ्या खुंटीवर. एक रोलर आणि दोन पट्टे शिल्लक ठेवणार, कारण तिथीच्या दिवशी नागपूरला कोण जाणार.

दर्यापूरचे भाऊ, पाइप कापून बसवायचं काम तुम्ही कराल का? इथे कोणी हात लावत नाही.

वाइंडिंग_दर्यापूर

करतो ना. एसटी पार्सलनं पाठवा, पण नुसता पाइप नका पाठवू, हँडल अन् हेड दोन्ही सोबत पाठवा, पिनाबी तपासून देतो. पिना काळ्या पडल्या असन तं नवीन पाइपबी तिथंच जळते. अन् तुळशीच्या लग्नाच्या आधी पाठवजा, मंग शेतीपंपाची गर्दी लागते.